नेट्रिन : नेत्र की नेता?

सांगलीहून एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेने विचारले आहे : गर्भाच्या मेंदूत वाढत्या चेतातंतूंना वाट दाखवणारे 'नेट्रिन' हे नाव 'नेत्र'वरून आले का? टिपणात 'नेत्रिन' लिहिले तर चालेल का? टिपणातले वाक्य असे आहे : 'नेत्रिन तंतूला आपल्याकडे ओढते.'

नाव संस्कृतातलेच आहे, पण ते डोळ्यावरून आलेले नाही. १९९४ साली कोंबडीच्या भ्रूणांच्या मेंदूतून हे प्रथिन वेगळे काढणाऱ्या शास्त्रज्ञांनी 'नेतृ', म्हणजे नेणारा, या शब्दावरून ते ठेवले. 'नेत्र'ही त्याच 'नी' धातूपासून झाला आहे; संस्कृतात घुसळणीच्या दोरीलाही नेत्र म्हणतात. तरी 'नेत्रिन' लिहू नका. दृक्चेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी चेता) डोळ्यातून जिथे बाहेर पडते तिथेही हे प्रथिन असते, त्यामुळे विद्यार्थ्यांचा गैरसमज पक्काच होईल. 'नेट्रिन' ठेवा आणि कंसात एकदा 'नेतृ' द्या.

मला जास्त खटकते ते 'ओढते' हे क्रियापद. अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीतून निघणाऱ्या लांब तंतूच्या, वाढत्या टोकाला वृद्धिशंकू असतो. स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ काहाल यांनी १८९० साली त्याचे वर्णन केले. त्याला सतत पुढेमागे होणारी बारीक बोटे असतात आणि पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे बाहेरचे संकेत टिपणारी, प्रथिने. मार्केट यार्डाकडे जाताना हळदीचा वास वाढत जातो, तसे एका बाजूला नेट्रिन जास्त लागले की त्या बाजूचे अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे वाढतात, दुसरीकडचे आखडतात आणि शंकू वळतो. पण हे डीसीसी नावाचा ग्राही असेल तेव्हाचे. शंकूवर यूएनसी-५ हा ग्राही असेल, तर तेच नेट्रिन त्याला दूर लोटते. म्हणजे ओढायचे की लोटायचे हे ग्राही ठरवतो.

शिवाय नेट्रिन फक्त दुरूनच काम करते असेही नाही. मज्जारज्जूच्या तळातल्या, म्हणजे पोटाकडच्या बाजूला मध्यरेषेवर असलेल्या, पेशी ते बनवतात आणि तंतू त्यांच्या दिशेने येतात, असे बरीच वर्षे मानले जाई. २०१७ साली उंदरांच्या भ्रूणांत तळातले नेट्रिन काढून पाहिले, तरी बरेच तंतू मध्यरेषेपर्यंत पोचले. वाटेवरच्या पेशींनी बनवलेले नेट्रिनही त्यांना पुढे नेत होते. म्हणून 'ओढते' खोडून लिहा : 'नेट्रिन तंतूला दिशा देते, दिशा कोणती, हे शंकूवरच्या ग्राहींवर अवलंबून असते.'