क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल आवडू शकतो का? बोस्टनमध्ये उन्हाळ्याचा वीकेंड कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की बोस्टनला येऊन थोडेच महिने झालेत. ऑफिसातल्या मंडळींबरोबर एकदा फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानावर जाऊन आलात, पण तीन तास काही घडतच नाही असं वाटलं. आणि तरी शनिवार-रविवारी निम्मं शहर रेड सॉक्स या इथल्या संघाच्या, लाल ‘बी’ असलेल्या निळ्या टोप्या घालून का फिरतं, याचं तुम्हाला कुतूहल आहे.

आवडू शकतो, मनापासून आवडू शकतो. फक्त तो भारत-पाकिस्तान सामन्यासारखा बघायला जाऊ नका. कामं आधी उरकायची आणि टीव्हीसमोर ठाण मांडायचं, ही आपली सवय इथे चालत नाही. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. एवढ्या सामन्यांना कोण ठाण मांडून बसेल? हा खेळ घरकामात, चालण्यात, स्वयंपाकात मुरवून घ्यायचा असतो. ते एकदा जमलं की उन्हाळाभर सोबत होते.

आमचं घर जमेका प्लेन भागात आहे. इथली जुनी घरं लाकडी, तीन मजली, आणि प्रत्येक मजल्याला एक उघडी पडवी. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही जमेका पाँडला फेरी मारतो. शहरातलं हे सगळ्यात मोठं नैसर्गिक गोड्या पाण्याचं तळं, पूर्ण चक्कर साधारण दीड मैलाची. मग एक जण हेमार्केटला जातो (तो बाजार शुक्रवार-शनिवारच भरतो, आणि दुपारनंतर भाव आणखी उतरतात), एक जण कपडे धुवायला लावतो. वॉल्थमच्या देशी दुकानातून कढीपत्ता आणि ओलं खोबरं आणायचं असेल तर तेही तेव्हाच.

दुपारी सामना सुरू होतो आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत रेडिओ लावते. बेसबॉल टीव्हीपेक्षा रेडिओवर जास्त कळतो असं माझं ठाम मत आहे. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात समालोचक गप्पा मारतात. बॅटर कुठल्या गावचा, काल काय झालं, वारा कुठल्या दिशेला आहे. ऐकता ऐकता गवार निवडून होते. जो कॅस्टिग्लिओनी यांनी १९८३ ते २०२४ अशी चार दशकं रेड सॉक्सचे सामने रेडिओवर सांगितले. आमच्या शेजारच्या आजोबांची मुलं त्याच आवाजावर मोठी झाली. आजोबा खालच्या पडवीत बसतात, त्यांचा रेडिओ आमच्या रेडिओच्या एक क्षण पुढे असतो. त्यामुळे काहीतरी झालंय हे आम्हाला आधी त्यांच्या आरोळीवरून कळतं आणि काय झालंय ते मग समालोचकाकडून.

आता ‘काही घडतच नाही’ याबद्दल. चेंडू मारला जातो तेवढंच बघितलंत तर खरंच कमी घडतं. बघायचं असतं ते पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर यांच्यातलं भांडण. बॅट फिरवून चेंडू हुकला किंवा आवाक्यातला चेंडू सोडला तर तो स्ट्राइक, आवाक्याबाहेरचा सोडला तर तो बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की तो फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायला गाठायच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर. दोन स्ट्राइक आणि शून्य बॉल असताना पिचर मुद्दाम बाहेरचा चेंडू टाकून बॅटरला फशी पाडायला बघतो. उलट तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असले तर त्याला सरळ चेंडू टाकावाच लागतो आणि बॅटर त्याचीच वाट बघत असतो. दर चेंडूला हा हिशेब बदलतो. एका डावात तीन जण बाद झाले की बाजू बदलते, असे नऊ डाव. ओव्हर नाहीत, सामना अनिर्णित नाही. नवव्या डावात पाच धावांनी मागे असलात तरी तिसरा गडी बाद होईपर्यंत दार उघडं असतं. आणि २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला ठरावीक सेकंदच मिळत असल्यामुळे पूर्वी तीन तासांवर जाणारे सामने साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतात.

हे डोक्यात बसवायचा सगळ्यात चांगला मार्ग मला बाबांमुळे सापडला. बाबा सांगलीचे, म्हणजे विजय हजाऱ्यांच्या गावचे. तरुणपणी रेडिओवर कसोटी ऐकताना वहीत धावफलक लिहायचे. एका उन्हाळ्यात इथे आले तेव्हा शेजारच्या आजोबांनी त्यांना बेसबॉलचा स्कोअर कसा लिहितात ते दाखवलं. क्षेत्ररक्षणाच्या प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर १, कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा) २, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस ३, ४, ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि मागचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला आणि त्याने पहिल्याकडे, दोघे बाद, तर लिहायचं ६-४-३. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून चुकला तर इंग्रजी ‘के’. आणि बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच ‘के’ उलटा. बाबांनी पाठकोऱ्या कागदावर पट्टीने रकाने आखले आणि दोघं म्हातारे पडवीत बसून दुपारभर लिहीत राहिले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याचं इंग्रजी जेमतेम, पण ‘सिक्स-फोर-थ्री’ म्हटलं की दोघांच्याही माना डोलायच्या. बाबा परत गेले तरी नाद सुटलेला नाही. इथला संध्याकाळी ७:१० चा सामना सांगलीत पहाटे ४:४० ला सुरू होतो, आणि बाबा तसेही पहाटेच उठणारे. त्यांचा पहिला चहा फोनवरच्या स्कोअरबरोबर होतो आणि आम्ही झोपायच्या आत त्यांचा निरोप येतो, बहुतेक वेळा पिचर बदलायला उशीर केला या तक्रारीचा.

तुम्हीही एक सामना असा लिहून बघा. हातात पेन्सिल असली की डोळे आपोआप योग्य ठिकाणी जातात.

रविवारी, जमेल तेव्हा, आम्ही प्रत्यक्ष फेनवेला जातो, आणि शक्यतो चालत. जमेका पाँडपासून फेनवेपर्यंत बागांची एक सलग माळ आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आखलेली, तिचं नावच ‘एमराल्ड नेकलेस’. बरीचशी वाट ओढ्याकाठून, झाडांच्या सावलीतून जाते. रमतगमत तास-सव्वा तास लागतो. शेवटी फेन्स या बागेत व्हिक्टरी गार्डन्स लागतात. १९४२ साली युद्धकाळात लोकांनी भाजीपाला पिकवावा म्हणून दिलेले हे वाफे आजही शहरातली माणसं कसतात. कुणाचे टोमॅटो, कुणाचे नुसते गुलाब. तिथून मैदानातला गलका ऐकू येतो.

फेनवे १९१२ साली सुरू झालं. मेजर लीगमधलं, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतलं, आज वापरात असलेलं हे सगळ्यात जुनं मैदान. लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, काही जागांसमोर खांब येतात. पण डावीकडची ती हिरवी भिंत बघाच. मागे लान्सडाउन स्ट्रीट असल्यामुळे मैदानाला त्या बाजूला पसरायला जागा नव्हती. बॅटरपासून ती जेमतेम ३१० फुटांवर आहे, म्हणून ३७ फूट उंच. इतर मैदानांत जो साधा झेल झाला असता तो इथे भिंतीवर आदळतो, आणि सणसणीत सपाट फटका, जो दुसरीकडे बाहेर गेला असता, तोही भिंतीवरच आदळतो. चेंडू कसा उसळून येईल हे ओळखणारा क्षेत्ररक्षक पळणाऱ्याला एकाच बेसवर अडकवतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की तुम्ही पुन्हा जाल, याची मला खात्री आहे. त्याच भिंतीत धावफलक आहे. आकड्यांच्या पाट्या आजही माणसं हातानं बदलतात.

उजवीकडे लांब, हिरव्या खुर्च्यांच्या गर्दीत एकच लाल खुर्ची दिसेल. रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने ९ जून १९४६ रोजी मारलेला चेंडू तिथे पडला होता, ५०२ फुटांवर. तिथे बसून बॅटर केवढासा दिसतो ते बघा, मग त्या फटक्याचा अंदाज येतो. या संघाने १९१८ नंतर थेट २००४ मध्ये विजेतेपद मिळवलं. मधली ८६ वर्षं आजोबांसारख्यांनी दर उन्हाळ्यात तितक्याच आशेनं रेडिओ लावला. या शहराचं प्रेम कुठून येतं ते मला यातून कळलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसालाही उपाशी राहावं लागत नाही. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. विक्रेता पुडा चार रांगांवरून नेमका तुमच्या हातात फेकतो. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो, तो ज्याला मिळेल त्याचा. मागे आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पकडलेला चेंडू वळून मागच्या अनोळखी पोराच्या हातात ठेवला. तो पोरगा मग उरलेला सामना मैदानाकडे न बघता चेंडूचे लाल टाकेच मोजत बसला होता.

तिकिटं महाग वाटली तर दोन पर्याय आहेत. वूस्टरला रेड सॉक्सचा खालच्या श्रेणीतला संघ खेळतो, २०२१ पासून पोलर पार्कवर. उद्या फेनवेला दिसणारी पोरं आज तिथे जवळून दिसतात. दुसरा, मला जास्त आवडणारा, केप कॉड या समुद्रकाठच्या भागातली लीग. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कॉलेजची मुलं लाकडी बॅटनं खेळतात, गावातल्या मैदानांवर. घडीच्या खुर्च्या न्यायच्या, डब्यात दडपे पोहे. दिवसा समुद्र, संध्याकाळी सामना.

फेनवेसाठी मंगळवार-बुधवारची तिकिटं वीकेंडपेक्षा स्वस्त पडतात. रेड सॉक्सचे कट्टर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यांकीज आले असतील तर पहिल्या काही वेळांना जाऊ नका, किंमतही दुप्पट-तिप्पट आणि गर्दीही. दुपारच्या सामन्याला तिसऱ्या बेसच्या मागे, छपराखाली जागा घ्या, उजवीकडच्या उघड्या बाकांवर ऊन थेट अंगावर येतं. तिकीट घेताना खांब आड येतो का ते आधी बघा, तसं लिहिलेलं असतं. चालत यायचं नसेल तर ग्रीन लाइन या शहरी रेल्वेची बी, सी किंवा डी गाडी पकडून केनमोरला उतरा. ई गाडी केनमोरला जात नाही.