अपयशाची भीती कशी घालवावी? अपयश स्वीकारायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहून राज्यसेवा आणि यूपीएससीची तयारी करताय, पूर्वपरीक्षेत दोनदा अडकलात, आणि आता पुढच्या परीक्षेचा फॉर्म उघडता आणि तसाच बंद करता. वाचन होतं, पण सराव परीक्षेचा पेपर समोर आला की हातपाय गळतात. ही भीती काढायची कशी आणि अपयश आनंदाने स्वीकारायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी 'आनंदाने' या शब्दाबद्दल. तो काढून टाका. ज्या परीक्षेत वर्ष घातलं ती हातची गेली तर वाईट वाटणारच, आणि वाटू द्यावं. अपयशावर प्रेम करा असं सांगणारी भाषणं मला पटत नाहीत. ती बहुतेक वेळा यश मिळाल्यावर दिलेली असतात. तुम्हाला जमायला हवं ते एवढंच, की वाईट वाटत असतानाही तोच पेपर पुन्हा उघडून बसता यावं. हे शिकता येतं. मी ते लहानपणी कराडकडच्या एका तालमीत शिकलो, आणि आता पुण्याच्या पेठेत अभ्यासिका चालवतो तिथल्या मुलांना शिकवायचा प्रयत्न करतो.

तालमीतली एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तिथे नव्या पोराला त्याच्याहून हलक्या पोराशी खेळवून खूश करत नाहीत. वस्ताद त्याची जोड मुद्दाम थोड्या जड, थोड्या जुन्या पैलवानाशी लावतात. म्हणजे पोरगं रोज हरतं. रोज पाठीला माती लागते. वरचा पैलवान उठता उठता सांगतो, "मान खाली ठेवलीस म्हणून गेलास," आणि पुन्हा हात मिळवतो. पुढे जत्रेच्या मैदानात आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. तिथे सगळा गाव बघत असतो, मामा-मावश्या बघत असतात, आणि पोरगं चितपट होतं. रडतं. अंग झाडतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आखाड्यात असतं. त्याला कुणी धीर देणारं व्याख्यान दिलेलं नसतं. हरल्यानंतर नेमकं काय होतं हे त्याला पुरतं ठाऊक असतं, म्हणून ते येतं.

आमच्या भागातलं सगळ्यात मोठं नाव खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा ते फ्लायवेट या हलक्या वजनगटात होते. सगळी तयारी मातीतली. मातीत खांदे टेकवले की कुस्ती संपते. मॅटवर, म्हणजे गादीवर, गुण असतात, ठरलेला वेळ असतो. खाशाबांना या कशाचाच सराव नव्हता. ते सहावे आले. आज आपण त्याला पराभव म्हणतो, पण त्या सहाव्या क्रमांकातून त्यांना जे समजलं ते घरी बसून समजलं नसतं: ताकद पुरेशी आहे, कमी पडतंय ते मॅटचं आणि नियमांचं ज्ञान. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा या वेळी वरच्या, बँटमवेट वजनगटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं.

या गोष्टीतला सहसा गाळला जाणारा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हेलसिंकीतही खाशाबा हरले होते. जपानच्या शोहाची इशीकडून हरले, ती लढत फार लांबली होती. लगेच सोव्हिएत रशियाच्या मामादबेयोवशी उतरायला सांगितलं. दोन लढतींच्या मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांच्या बाजूने भांडायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. थकलेल्या अंगाने ते लढले आणि तीही लढत गेली. त्या दोघांना सुवर्ण आणि रौप्य मिळालं. म्हणजे ज्या स्पर्धेसाठी आपण त्यांना डोक्यावर घेतो, त्याच स्पर्धेत ते हरलेलेही आहेत, आणि त्यातला काही भाग त्यांच्या हातात नव्हता. दोन्ही खरं आहे.

आता तुमच्याकडे येतो.

अभ्यासिकेत मी एक गोष्ट सतत पाहतो. ज्याला सर्वात जास्त भीती असते तो सर्वात जास्त वाचतो आणि सर्वात कमी पेपर सोडवतो. "एकदा पॉलिटी, म्हणजे राज्यव्यवस्था, पूर्ण झाली की टेस्ट लावतो." मग इतिहास पूर्ण व्हायचा असतो. मग चालू घडामोडी. पेपर टाळला की त्या दिवशी बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढचा पेपर टाळायची सवय घट्ट होते. महिन्याभराने भीती वाढलेली असते, कारण मधल्या काळात ती खोटी ठरायची एकही संधी तुम्ही तिला दिलेली नसते. मग थेट परीक्षेच्या हॉलमध्ये, वर्षातून एकदा, सगळं पणाला लावून हरायचं. तालमीत न जाता जत्रेच्या शेवटच्या कुस्तीला उभं राहण्यासारखं आहे हे. भीती वाटणार नाही तर काय होईल?

म्हणून उपाय विचारांचा नाही, डोसाचा आहे. हरण्याचे लहान डोस घ्या. सुरुवात पूर्ण पेपरने करू नका. मागच्या एखाद्या वर्षाच्या पेपरातले पंचवीस प्रश्न घ्या, न वाचलेल्या विषयाचेसुद्धा चालतील, घड्याळ लावा आणि सोडवा. गुण वहीत लिहा. कमी येतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभराने एखाद्या मित्राला वही दाखवा. ही पायरी लोक गाळतात, पण खरी भीती बहुतेकांना गुणांची नसते, कुणीतरी ते गुण पाहण्याची असते. शक्य असेल तर तुमच्यापेक्षा पुढे असलेल्या मुलाबरोबर बसून पेपर सोडवा. बरोबरीच्या किंवा मागच्या मुलात बसलं की बरं वाटतं, पण शिकायला काही मिळत नाही.

आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. माझ्याकडची मुलं तीनच कारणं लिहितात: माहीतच नव्हतं, दोन पर्यायांत अडकलो, प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्याला अभ्यास लागतो. दुसऱ्याला सराव लागतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात हे धरून कधी सोडायचं याचा नियम लागतो. तिसऱ्याला फक्त पेन्सिल लागते, प्रश्नातल्या 'नाही', 'अयोग्य' या शब्दाखाली रेघ ओढायला. तुमच्या दोन पूर्वपरीक्षांचे पेपर आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन हेच करा. दोनदा नापास झालो हे वाक्य छातीवर बसतं. अमुक इतके प्रश्न दोन पर्यायांत अडकून गेले, हे वाक्य कामाला लागतं. सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या उतारे-गणिताच्या दुसऱ्या पेपरमध्ये, पात्रतेचे ३३ टक्के मिळाले नाहीत म्हणून पहिल्या पेपरचे चांगले गुण वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना वाटत होतं आपण अभ्यासात कमी पडतो. ती उताऱ्यांच्या वेगात कमी पडत होती.

चांद्रयान-२ चं उदाहरण तुम्ही विज्ञानाच्या तयारीत वाचलंच असेल, पण ते या प्रश्नासाठी पुन्हा वाचा. ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रावर उतरताना विक्रम लँडरशी संपर्क तुटला. पुढे २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी कारणं उघडपणे सांगितली: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, त्या दुरुस्त करायला यानाला झटकन वळायचं होतं पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती, आणि उतरायची जागा होती जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ ची आखणी करताना त्यांनी प्रश्नच बदलला. सगळं नीट झालं तर काय, हे विचारण्याऐवजी सेन्सर बंद पडला तर, इंजिन बिघडलं तर, गणित चुकलं तर, असं विचारत गेले. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, आणि उतरायची जागा सुमारे ४ किलोमीटर बाय २.५ किलोमीटर केली. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान उतरलं.

तुमच्या प्रयत्नाचीही अशीच आखणी करा. रात्रभर झोप लागली नाही तर? पहिले दहा प्रश्न अवघड निघाले तर? कटऑफ, म्हणजे पात्रतेची गुणरेषा, दोन गुणांनी हुकली तर? प्रत्येकापुढे मी काय करेन, ते आताच लिहून ठेवा, शांत डोक्याने. परीक्षा पुढे ढकलली गेली तर, हेही लिहा. तारखा बदलणं, जागा कमी निघणं, निकाल रखडणं हे तुमचं अपयश नाही. त्यात गेलेलं वर्ष स्वतःच्या नावावर मांडू नका.

आणि उतरायची जागा मोठी करा. हा मुद्दा मी मुलांच्या पालकांनाही सांगतो, कारण आकडे निर्दय आहेत. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून जास्त अर्ज आले, ५,९२,१४१ जण पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले, १४,६२४ मुख्य परीक्षेसाठी पात्र झाले आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. बाकीचे सगळे आळशी होते का? नव्हते. त्यातले कित्येक जण माझ्या अभ्यासिकेतल्या मुलांइतकेच कष्ट करणारे असणार. म्हणूनच 'प्रयत्न करत राहा, एक दिवस नक्की होईल' असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. ही परीक्षा कधीच निघाली नाही तरी आयुष्य उभं राहील, अशी व्यवस्था करणं हीच भीतीवरची सगळ्यात पक्की दवा आहे. सरकारी नोकरीतली गट ब, गट क ची पदं, बँक, विमा, यांचे फॉर्म कमीपणा न मानता भरा. पदवीच्या विषयात हात गंजू देऊ नका. किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत, हा आकडा निकालाच्या आधी ठरवा. निकालाच्या संध्याकाळी घेतलेला निर्णय रागातला असतो, मग तो सोडण्याचा असो की आणखी एक वर्ष थांबण्याचा.

माझ्याकडून परीक्षा सोडून गेलेली मुलं अधूनमधून भेटतात. एक जण तालुक्याच्या सहकारी बँकेत अधिकारी आहे. एक जण भावाबरोबर द्राक्षं करतो आणि गावातल्या पोरांना पोलीस भरतीचं गणित शिकवतो. त्यांना ती वर्षं गेल्याचं दुःख नाही असं मी म्हणणार नाही. आहे. ते दुःख घेऊनही ते नीट जगतायत, आणि हे पेठेत कुणी सांगत नाही, कारण भिंतींवर फक्त निवड झालेल्यांचे फलक लागतात.

एक गोष्ट गंभीरपणे विचारतो. झोप उडालीय का, जेवण जात नाही का, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात का? तसं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. तिथे फोन करणाऱ्याला वेडा समजत नाहीत. माझ्या अभ्यासिकेच्या दाराजवळ हा क्रमांक लावलेला आहे आणि मुलं तो वापरतात.

घरच्यांचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की वडिलांचा फोन आला की उचलवत नाही. त्यांना या आठवड्यात स्वतः फोन करा, आणि 'बघू, यंदा होईल' असं म्हणू नका. त्यांना सांगा की पूर्वपरीक्षा अमुक तारखेला आहे, मी अमुक वर्षापर्यंत देणार आहे, दरम्यान हे हे फॉर्म भरतोय, आणि नाही झालं तर हे करणार आहे. गावाकडच्या बापाला कटऑफ कळत नसेल, पण पोराने हिशेब मांडलाय हे लगेच कळतं. बहुतेक जण एवढंच विचारतात, "पैसे पुरतात का?" त्या फोननंतर राज्यसेवेचा फॉर्म उघडा, भरा, फी भरून पावती काढा. पंचवीस प्रश्न त्याच रात्री. गुण आले की इथे कळवा, कितीही आले तरी. कुठले गेले आणि का गेले ते आपण एकेक करून बघू.