जुनं काळं सिंगर मशीन घरच्या शिवणासाठी घ्यावं का, आणि ओळखायचं कसं?

जरूर घ्या, पण आधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, बघा. सुईखालची सरकती पट्टी उघडा. आत लांबट, बारीक बॉबिन आणि ते ज्यात बसतं ते बंदुकीच्या गोळीसारखं शटल असेल तर ते जुन्या, मागेपुढे झुलणाऱ्या शटलचं मॉडेल. टाका सुंदर येतो, पण त्याचं बॉबिन गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. डावीकडे गोल बॉबिन आणि बॉबिन केस असेल तर बहुधा सिंगरचं '१५ क्लास' मॉडेल. रोजच्या वापराला माझ्या मते हेच घ्यावं. आपल्याकडच्या साध्या काळ्या उषा मशीनची घडणही याच धाटणीची, त्यामुळे बॉबिन, केस, सुया सगळं सहज मिळतं.

वय कळायला खांबाच्या पायथ्याशी कोरलेला नंबर पाहा. 'वाय' अक्षराने सुरू होत असेल तर मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. सोनेरी वेलबुट्टी पुसली गेली असली तरी चालेल.

पैसे देण्याआधी सुती कापडाचा दुहेरी तुकडा शिवून बघा. वर लाल, खाली पांढरा दोरा. खालच्या बाजूला लाल फास लोंबत असतील तर आधी ओवणी तपासा आणि वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) थोडं आवळा; तेवढ्याने बऱ्याचदा सुटतं. चाक जड फिरत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा जुनं तेल सुकलेलं असतं. बिडाच्या अंगाला तडा गेलेलं मशीन मात्र घेऊ नका.

ही मशीनं सरळ टाकाच घालतात. टी-शर्टचं ताणणारं कापड शिवायचं असेल तर झिगझॅगवालं बघा.