सूर-शंका : ‘जिंगल बेल्स’ मधेच कुठे जाते?

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा माझ्या मोबाइलवर नाताळच्या जॅझ गाण्यांची यादी टाकून गेला. त्यातलं व्हिन्स ग्वाराल्डी या अमेरिकन जॅझ पियानोवाल्याचं ‘ओ टॅननबाउम’ हे नाताळचं गाणं लावलं. आधी पियानो ओळखीची चाल वाजवतो, तीही ताल सोडून. मग एकदम वेग धरतो आणि गाणंच गायब होतं. शेवटी शेवटी परत येतं. मधला सगळा वेळ मी ऐकायचं तरी काय? गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, म्हणजे अगदीच औरंगजेब नाही मी.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, हीच तक्रार मी १९८६ साली केली होती, टेपरेकॉर्डरकडे. मुंबईच्या मावसभावानं भरून पाठवलेली कॅसेट होती. एका बाजूला गायिका एला फिट्झजेराल्ड, दुसऱ्या बाजूला जिमी स्मिथचा हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवरचा ऑर्गन. ऑर्गनवर ‘जिंगल बेल्स’ सुरू झाली, थोड्याच वेळात चाल निसटली आणि ऑर्गन आपला पळतोच आहे. मला वाटलं भावानं दोन गाणी एकावर एक भरली. कॅसेट काढली, पेन्सिल घालून फिरवली, परत लावली. पुन्हा तेच.

वडील ओट्यावर बसून क्लॅरिनेट पुसत होते. जालन्यात लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. नोटेशन येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. मी कॅसेट पुन्हा काढायला गेलो तर म्हणाले, “राहू दे की.” आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला लागले. ऑर्गन कुठल्या कुठे गेलेला, यांचा अंगठा आपला पेरावरून पेरावर. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीच्या शेवटी तर्जनी वर गेली. “आली बघ.” आणि खरंच ‘जिंगल बेल्स’ दारात हजर!

त्यांनी केलं तेच तुम्ही करा. पियानो कुठेही जाऊ दे, तुम्ही मनातल्या मनात मूळ गाणं म्हणत राहा. घरात पेटी असेलच. ‘ओ टॅननबाउम’ काढून बघा: मंद्र पंचमावरून सुरुवात, मग सा सा सा रे ग ग ग. एक ओळ, मधे जरा वेगळी ओळ, मग पुन्हा पहिली. हे सगळं मिळून एक आवर्तन समजा. या ओळींखाली जे कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर, लागतात ते त्याच क्रमानं, तितक्याच मात्रांनी फिरत राहतात. उजवा हात दर फेरीला त्यावर नवी चाल रचतो. ख्यालात ठेका चालू असतो आणि गवई कुठेही हिंडून समेवर येतो ना, तसंच. फक्त इथे ठेक्याच्या जोडीला कॉर्डांची फेरीही मोजायची. मधली तीन मिनिटं म्हणजे गायब झालेलं गाणं नाही. गाणं खाली चालूच आहे, वरचा माणूस बदलला आहे.

तुमचा हात चुकण्याचं आणखी एक कारण आहे, आणि माझा अंदाज आहे की खरी गोम तिथेच असावी. मूळ जर्मन गाणं तीन मात्रांचं. पियानो एकटा असतो तोवर त्याचा आलाप समजा. बेस आणि ड्रम आले की ग्वाराल्डी तीच चाल चार मात्रांत बसवतो. तुम्ही दादरा मोजत बसला असाल तर तो निसटणारच. पुढच्या वेळी पियानोकडे लक्षच देऊ नका, बेस ऐका. दर मात्रेला एक सूर टाकत तो अनवाणी माणसासारखा चालत असतो. ड्रमवर काठ्या नसून तारांचे ब्रश आहेत. सुपात ज्वारी पाखडल्यासारखा आवाज येतो, सर्र सर्र, मधेच टक्. चार-पाच वेळा नुसतं ते सूप ऐकलं की पियानो आपोआप कळायला लागतो.

ही रेकॉर्ड १९६५ ची. चार्ल्स शुल्झच्या चार्ली ब्राउनवरचा अर्ध्या तासाचा कार्टून कार्यक्रम अमेरिकेत सीबीएसवर ९ डिसेंबरला लागला, त्याचं हे संगीत. लहान मुलांच्या नाताळच्या कार्यक्रमाला जॅझ कशाला, म्हणून वाहिनीवाले नाराज होते. त्यातलं ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’ही ऐका. कॅलिफोर्नियातल्या एका चर्चच्या मुलांनी गायलंय, सूर कुठे कुठे किंचित खाली जातो, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसल्यासारखं वाटतं. मला ते पियानोपेक्षाही आवडतं, पण हे जॅझच्या जाणकारांना सांगू नका.

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुलांनी २४ तारखेच्या रात्री ‘सायलेंट नाइट’ गिटार-ड्रमवर जॅझ करून वाजवायचं ठरवलंय. वडीलधारी म्हणतात, हॉटेलातलं संगीत वेदीपुढे नको. मला दोन्हीकडचं पटतं आणि दोन्हीकडचे माझ्याकडेच येतात.
— शिक्षिका, जालना

उत्तर : बाई, गिटारची अडचण पहिल्याच दिवशी सुटलेली आहे. हे गीत २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवरच. शब्द योसेफ मोहर या पाद्र्यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची. म्हणजे तुमच्याच पेशातले.

आता हॉटेलचं. जॅझ हॉटेलात वाजला, नाचघरात वाजला, सगळं खरं. पण त्याचं एक मूळ अमेरिकेतल्या गुलाम केलेल्या काळ्या लोकांच्या भक्तिगीतांत आहे. नाताळात गातात ते ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ त्याच कुळातलं. वेदीचंच म्हणाल तर १९६५ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये याच ग्वाराल्डीनं उपासनेत जॅझ वाजवला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ड्यूक एलिंग्टननं आपला पूर्ण वाद्यवृंद तिथे नेला. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीत आणली, कीर्तनाला उभी केली. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडलं की विलायती चाली आणि देशी चाली आजही शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. ज्यांचं बालपण त्या पुस्तकात गेलं त्या आजी-आजोबांना हे निराळं सांगायला नको.

पण आजी-आजोबांची बाजू मी सोडणार नाही. त्या रात्री लोक ऐकायला येत नाहीत, गायला येतात. चाल हिंडायला लागली की लोकांची तोंडं मिटतात आणि चार मुलांचा कार्यक्रम होऊन बसतो.

हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. मी सातवी-आठवीत असेन. छावणीकडच्या एका चर्चनं नाताळच्या आदल्या रात्री मिरवणुकीला आमच्या वडिलांचा बँड सांगितला होता. थंडी अशी की क्लॅरिनेटचा सूर उतरलेला, लाकूड तापता तापेना. वडील मधून मधून नळीत फुंकर मारून काखेत धरत होते. अंगणात पोचल्यावर लोकांनी ‘सायलेंट नाइट’ सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात वडिलांना राहवलं नाही, त्यांनी वरच्या सप्तकात एक लांब हरकत घेतली. निम्म्यात क्लॅरिनेट चिरकलं. गाणारे थांबले. पांढऱ्या लुगड्यातल्या एक म्हाताऱ्या आत्याबाई वळून म्हणाल्या, “अरे बाबा, आदी सरळ वाजीव, मंग नाच.” सगळे हसले, वडीलही हसले, आणि पुन्हा पहिल्यापासून सरळ वाजवलं. करंज्या-लाडवांची ताटं फिरायला लागल्यावर मात्र त्याच आत्याबाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, “आता वाजीव तुला काय वाजवायचं ते.” त्या रात्री त्यांनी ‘जिंगल बेल्स’मध्ये काय काय घातलं ते मी लिहीत नाही. त्यात एक लावणीही होती.

मुलांना हाच क्रम सांगा. तिन्ही कडवी मंडळीबरोबर सरळ. लोक फराळाला बाहेर आले की जॅझ. आणि ड्रमवाल्याला ब्रश मिळाले नाहीत तर खराट्याच्या बारीक काड्यांची जुडी चालते, काठ्या नकोत.

प्रश्न : बर्फ, घसरगाडी, शेकोटीवर भाजलेले चेस्टनट. आमच्या परभणीत यातलं काय आहे? ऐकताना सगळं उसनं वाटतं.
— एक वाचक, परभणी

उत्तर : लिहिणाऱ्यांनाही ते उसनंच होतं. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी चेस्टनटचं ते गाणं, ‘द ख्रिसमस साँग’, १९४५ च्या भर उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात लिहिलं. उकाड्यानं हैराण झालेल्या वेल्सनं जिवाला गारवा म्हणून थंडीच्या चार ओळी कागदावर मांडल्या होत्या, त्यातून गाणं झालं. मे महिन्यात माठाला पाठ लावून बसणाऱ्या परभणीकराला हे समजावून सांगायची गरज नसावी. पुढच्या वर्षी नॅट किंग कोलनं ते गायलं. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन ज्यू होता, आणि त्या गाण्याची सहसा गाळली जाणारी प्रस्तावना उन्हातल्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. ‘जिंगल बेल्स’ १८५७ ची, तिच्या शब्दांत नाताळचं नावही नाही.

म्हणून शब्द बाजूला ठेवा. ‘द ख्रिसमस साँग’ची पहिलीच उडी ऐका: खालच्या सा वरून थेट वरच्या सा वर, आणि मग सावकाश उतरत येणं. तुमच्याकडे डिसेंबरात पहाटे तोंडातून वाफ निघते तेव्हा गोधडीतून हात बाहेर काढून मोबाइल लावा. चेस्टनट नसतील तर हुरडा आहे.

प्रश्न : एकही शब्द नसलेलं काही सुचवा.
— एक वाचक, लातूर

उत्तर : ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांचं ‘नटक्रॅकर’, १९६० चं. मूळ चायकोव्हस्कीचा नाताळचा बॅले, १८९२ चा. त्यात साखरपरीच्या नाचाला सेलेस्टा नावाचं काचेच्या किणकिणीसारखं वाद्य आहे. एलिंग्टननं तिथे टेनर सॅक्सोफोन बसवला, लय मंद केली, आणि नाव ठेवलं ‘शुगर रम चेरी’. परीनं थोडी घेतलेली आहे. आधी मूळ ऐका, लगेच हे ऐका. मधे चहा नको.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र, एकाकडे हार्मोनियम, एकाकडे तबला. मुलांच्या शाळेत ‘जिंगल बेल्स’ स्विंगवर वाजवायची आहे. जमेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : जमेल. चाल सोपी: ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. आता स्विंग. एका मात्रेत दोन सूर सारखे वाजवायचे असतील तर तोंडानं ‘नां-देड’ म्हणा, प्रत्येक अक्षराला एक सूर. ही सरळ चाल. स्विंग हवा असेल तर त्याच मात्रेत ‘पर-भ-णी’ म्हणा आणि सूर फक्त ‘पर’ वर आणि ‘णी’ वर वाजवा, ‘भ’ गिळा. पहिला सूर लांब, दुसरा आखूड. गाव बदललं की चाल बदलते, त्याला मी काय करू!

तबलजींना सांगा, बायाँवर जोर नको. चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला चाटेवर ‘ना’ द्या, बाकी हात पोकळ. मुलांनाही टाळी दोन आणि चारवरच वाजवायला लावा. पहिले दोन दिवस ती एक आणि तीनवरच पडेल, सगळ्यांची पडते. एकदा चाल सरळ, मग एक फेरी तुमच्या मनाची, मनात मूळ गाणं चालू ठेवून, आणि मग पुन्हा सरळ. एवढं पुरे.

भाता मात्र हलका ठेवा. जोरात मारला की स्विंग जातो आणि वरात निघते.