तुझ्या नावातलं माझं नाव

भायखळा, मुंबई
रविवार दुपार

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू एक प्रश्न विचारलास आणि मी "आल्यावर बोलू" म्हणून फोन ठेवला. आजीच्या खोलीच्या कागदपत्रांसाठी मी रांगेत उभा होतो हे खरं, पण उत्तर तयार नव्हतं हेही खरं. तुझ्या तिकडच्या, परदेशातल्या शाळेच्या यादीत मधल्या नावाच्या जागी माझं नाव वाचलं गेलं, कुणीतरी म्हणालं, "हे तर तुझ्या वडिलांचं नाव!" आणि वर्ग हसला. मग तू मला विचारलंस, "पप्पा, मराठी लोक मुलाच्या नावात बापाचं नाव का घालतात? मी काय तुमच्या मालकीचा आहे?"

आज उपासना आटोपली, आजी जेवून आडवी झालीय, गॅलरीत वारा आहे. तेव्हा बसून लिहितो.

आधी सरळ उत्तर. आपल्याकडे नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, गावच्या सातबाऱ्यावर, आपल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरही तसंच. यात धर्माचा काही संबंध नाही, सगळेच मराठी लोक असं लिहितात. लग्न झालं की बाईच्या नावात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. मम्मीने ते बदललं नाही आणि मी तसा आग्रहही धरला नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही आलंय: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. मला हे मनापासून आवडलं. का, ते आजीची हकिकत वाचलीस की कळेल.

पण तुझा खरा प्रश्न मालकीचा होता. बँकेतून कर्ज काढताना जामीनदार लागतो. कागदावर त्याचीही सही असते. म्हणून काही तो कर्जदाराचा मालक होत नाही. उलट उद्या काही कमीजास्त झालं तर याच्या दारात लोक येणार, हे तो लिहून देतो. तुझ्या नावातलं माझं नाव मी तसं वाचतो. मी तुला जामीन आहे. हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही, या खोलीत शिकलो.

तुझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. नगर जिल्ह्यातल्या गावाहून आले आणि भायखळ्याला या दहा बाय बाराच्या खोलीत राहिले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं कामावरून बाहेर आली. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत आणि हजारो लोकांना परत कामावर घेतलं नाही. त्यात आजोबाही होते. मी तेव्हा सात वर्षांचा.

चाळीत पुरुष कोण, तर दहा तारखेला पगाराचं पाकीट आणतो तो. हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. पाकीट थांबलं तशी माणसं आतून खचली. काही गावाला निघून गेली, काही दिवसभर नाक्यावर बसायची, काही दारूला लागली. कित्येक घरांतून मारहाणीचे आवाज यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या घरातली मुलं शाळेत मान खाली घालून बसायची. मी त्या माणसांना नावं ठेवत नाही. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं की पगाराशिवायही बाप उरतो.

आजी एका इस्पितळात नर्स होती. घर चालावं म्हणून तिने रात्रपाळ्या मागून घेतल्या. मग आजोबांनी घर हातात घेतलं. पाणी भरणं, भाकरी, मुलांचे डबे, आणि आजीची ड्यूटीची पांढरी साडी. ती साडी कशी धुतली जायची ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. मोरीत उकिडवं बसून ते ती हाताने चोळायचे, ब्रशने नाही, कारण ब्रशने सुती कापड विरतं. शेवटच्या पाण्यात नीळ. मग भाताची पेज फडक्यातून गाळून तिची खळ. मग एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या, आणि गॅलरीत उभं राहून दोघांनी ती ताणायची. "सोडू नकोस, ताण," म्हणायचे. वाळल्यावर पितळी तांब्यात निखारे घालून त्याने इस्त्री. आजी ती नेसून निघाली की जिन्यावर कापडाचा करकर आवाज यायचा आणि मागे भाताचा मंद वास राहायचा.

एकदा खालच्या मजल्यावरच्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, आता बायकोची लुगडी धुता?" आजोबा साडी पिळता पिळता म्हणाले, "रात्रभर पायांवर उभी असते ती." एवढंच. आवाज चढला नाही, मानही खाली गेली नाही.

सकाळी ती परत आली की मीठ घातलेलं गरम पाणी परातीत तयार असायचं. तिचे पाय सुजलेले असायचे. आजोबा खांद्यावरच्या पंच्याने ते पुसायचे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो ना, तो भाग मी शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) तोंडपाठ म्हटलाय. पण देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) तो अध्याय वाचला गेला की माझ्या डोळ्यांसमोर कधी यरुशलेम आलं नाही. आमची मोरीच आली.

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातली बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं ही ओळ मी देवळात फार वेळा ऐकलीय. तीन ओळी सोडून पुढे तो नवऱ्यांना सांगतो की ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे त्याला मानणाऱ्या सगळ्यांसाठी, स्वतःला दिलं तशी तुम्ही बायकोवर प्रीती करा. ही ओळ आमच्याकडे तेवढ्या जोरात कुणी वाचत नव्हतं, आणि ती तर जिवावर बेतणारी आहे. पुरुषाला घरात मोठेपण असेलच तर ते आधी झिजायचं मोठेपण आहे, असं मला वाटतं. ज्याला झिजायचं नाही त्याने पहिली ओळ उच्चारूच नये.

आणखी एक जागा दाखवतो. करिंथकरांना पौल लिहितो, "मर्दासारखे वागा, खंबीर व्हा." तू व्हिडिओत ज्या लोकांना ऐकतोस ना, दंड दाखवून 'पुरुष बना' म्हणणारे, त्यांना हे वाक्य फार आवडेल. पण लगेच पुढचं वचन आहे, "तुम्ही जे काही करता ते सर्व प्रीतीने करा." मला ही दोन वाक्यं वेगळी काढताच येत नाहीत. आपल्या मराठीला हे जुनंच ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना आपण काय म्हणतो? माउली. वारीत मिशीवाले शेतकरी एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात. पुरुषाला आई म्हणणं हा आपल्या भाषेतला सगळ्यात मोठा मान आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये इथेच मुंबईत ख्रिस्ती झाले, तेही ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारत राहिले. आज सकाळी टाळ-पेटीवर आम्ही त्यांचंच भजन म्हटलं. आजीला शब्द अजून पाठ आहेत.

आता योसेफाचं सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ उत्तर तिथे आहे. मत्तयाचं शुभवर्तमान कंटाळवाण्या यादीने सुरू होतं असं तू एकदा म्हणाला होतास. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, बापामागून बाप. आपल्या मधल्या नावांसारखंच. ती यादी योसेफापर्यंत येते आणि तिथे गाडी रूळ बदलते. 'योसेफाला येशू झाला' असं लिहिलेलं नाही. 'मरीयेचा पती योसेफ' आणि तिच्यापासून येशू जन्मला, असं आहे. मूल त्याच्या रक्ताचं नाही. तिला गुपचूप सोडून द्यायचं त्याने ठरवलंही होतं. मग स्वप्नात देवदूताचं ऐकून तो उठला, तिला घरी आणलं आणि बाळाचं नाव ठेवलं. नाव ठेवलं म्हणजे जबाबदारी घेतली. पुढे गावातले लोक येशूला 'सुताराचा पुत्र' म्हणूनच ओळखायचे.

शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. शोधून बघ. तो नुसता उठतो आणि करतो. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला तेव्हा रातोरात आईला आणि बाळाला घेऊन मिसरात (इजिप्तमध्ये), परक्या देशात गेला. तुम्हा दोघांना घेऊन विमानात बसलो त्या रात्री मला तोच आठवत होता. येशू देवाला 'अब्बा' म्हणायचा. त्याच्या भाषेत मुलं बापाला तीच हाक मारतात. माझी अशी समजूत आहे की तो ही हाक आधी नासरेथच्या त्या सुतारालाच मारायला शिकला असेल. म्हणून बापाचं महत्त्व मी मोठं मानतो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना मुलाला 'पिता' या शब्दाने धीर येतो की धडकी भरते, हे पुष्कळसं घरातला बाप ठरवतो. तुझ्या ज्या मित्राचे वडील सोडून गेले त्याच्यासमोर मात्र हे बोलू नकोस. त्याला घरी जेवायला बोलाव. देव पितृहीनांचा पिता आहे असं स्तोत्रात म्हटलंय, आणि ते काम तो बहुतेक शेजाऱ्यांकडून करून घेतो.

आजोबा देवदूत नव्हते. संपाच्या त्याच वर्षी एका संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "सगळ्यांचे बाबा कामाला जातात, तुम्ही घरी बसता." त्यांनी मला अशी थोबाडीत मारली की माझा ओठ फुटला. त्या रात्री कुणी जेवलं नाही. सकाळी ते माझ्या अंथरुणापाशी जमिनीवर येऊन बसले. पवित्र शास्त्र उघडून बोटाने एक ओळ दाखवली आणि "मोठ्याने वाच" म्हणाले. मी अडखळत वाचलं, "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका."

मी विचारलं, "चिरडीस म्हणजे काय?"

ते म्हणाले, "मी काल केलं ते. माझं चुकलं."

चाळीतल्या कुठल्याही बापाला मुलाची माफी मागताना मी पाहिलं नव्हतं. पुढे त्यांनी एका इमारतीवर वॉचमनची नोकरी केली, पगार गिरणीच्या निम्माही नव्हता. पण त्या सकाळनंतर दाखल्यावर माझ्या नावापुढे त्यांचं नाव लिहिताना मी दरवेळी ते नीट, वळणदार काढायचो.

ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, याला कारण आहे. ऑगस्टमध्ये तुझा गणिताचा निकाल आला तेव्हा तुझ्या खोलीच्या दारात उभं राहून मी जे बोललो, "माझं नाव घालवलंस" म्हणालो, ते तुला आठवत असणार. परवा तू मालकी हा शब्द वापरलास तेव्हा तो कुठून आला ते मला लगेच कळलं. ते वाक्य चुकीचं होतं. नाव राखायचं काम माझं होतं, तुझं नाही, आणि त्या दिवशी ते मीच घालवलं. बाळा, मला माफ कर. हे फोनवर जमलं नाही म्हणून लिहिलं, पण आल्यावर तुझ्यासमोर बसून पुन्हा म्हणणार आहे.

फॉर्मवरचा तो रकाना तिकडे रिकामा ठेवला तरी चालतं. तिथे काय लिहायचं ते तूच ठरव. आईचं नाव लिहावंसं वाटलं तर तेही लिही. तुला कोणत्या मापाचे बूट येतात ते आजी विचारतेय, आज रात्रीच कळव. शुक्रवारी पोहोचतोय.

तुझा,
पप्पा