टेस्टर काट्यापाशी शोध

प्रश्न : ताई, मी पारोळा तालुक्यातला, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. कापूस वेचणीची मजुरी लिहून ठेवायला अँड्रॉइडचं अ‍ॅप केलं. प्ले स्टोअरच्या खात्याचे २५ डॉलर भरले. नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ टेस्टर, म्हणजे अ‍ॅप वापरून बघणारे, सलग १४ दिवस यादीत लागतात. होस्टेलचे मित्र घेतले, पण कोणी उघडूनही बघत नाही. दोघं नवव्या दिवशीच बाहेर पडले. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे भेटलेत. घेऊ का, की नादच सोडू?

उत्तर : विकतचे टेस्टर घेऊ नकोस. १४ दिवसांनंतर अ‍ॅप खुलं करायला जो अर्ज करायचा, त्यात टेस्टरांनी काय सांगितलं, तू काय बदललंस, हे विचारतात. तिथे काय लिहिशील? मित्रांनाही दोष देऊ नकोस. ज्याने कधी काट्यावर गाठोडं ठेवलं नाही, तो अ‍ॅप कशाला उघडेल?

केळीच्या कटाईची नोंद ठेवणारं माझं अ‍ॅप घरी छान चालायचं. ते घेऊन चोपड्याकडे एका आप्पांच्या बागेत गेले. आप्पांची बोटं चिकाने काळी झालेली. त्यांनी वजन टाकून बटण दाबलं. रेंज नव्हती, चक्र नुसतं फिरत राहिलं. त्यांनी परत दाबलं, परत दाबलं. संध्याकाळी रस्त्याला लागल्यावर रेंज आली आणि एकाच गाडीच्या तीन नोंदी पडल्या. आप्पांना वाटलं, आपलंच काही चुकलं. ते मला फार लागलं.

त्याच रात्री बदल केला. नोंद आधी फोनमध्येच साठते, बटण पहिल्या दाबालाच बंद होतं, आणि नोंदीचा क्रमांक फोनच तयार करतो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हर ती नोंद घेत नाही. दर वर्षी नव्या अँड्रॉइडशी अ‍ॅप जुळवण्याची कटकट आहेच, ती करावीच लागते. पण पुढच्या हंगामात आप्पांनी व्यापाऱ्याच्या चिठ्ठीशेजारी फोन ठेवून वजनं ताडून पाहिली, आणि शेजारच्या दोघांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकायला मलाच फोन केला. तो दिवस मी विसरणार नाही.

दिवाळीच्या सुमारास वेचणी जोरात असते. तेव्हा गावातले पंधराएक शेतकरी घे, म्हणजे दोन-तीन गळाले तरी चालेल. संध्याकाळी काट्यापाशी उभा राहा, फोन मात्र त्यांच्याच हातात राहू दे. आणि वेचणाऱ्या बायांना आपापला किलोंचा आकडा मोठ्या अक्षरात दिसेल, असा एक स्क्रीन अ‍ॅपमध्ये आधी कर. मजुरी त्यांची आहे.