आजोबांनी पायरीला हात का लावला

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला, एकदा तुझ्यासाठी आणि एकदा मागून आजोबांचं "ओ मालक, दोन हाफ द्या की" ऐकायला. इथे कॅनडात असलं काही कानावर पडत नाही गं.

तुझा प्रश्न असा की तुम्ही दोघं सकाळी तुळजापूरजवळ घाटशीळला चढायला गेलात, हाइकला म्हणून, देऊळ तर पार वर होतं, मग आजोबांनी खालच्या पहिल्याच पायरीला हात लावून कपाळाला का लावला? आणि तुझी तक्रार, की एवढ्याशा चढाला हाइक कोण म्हणतं. बाई, सोलापूर म्हणजे पोळपाट, डोंगर बघायला 45 किलोमीटर जावं लागतं, तेव्हा कुठे बालाघाटची रांग लागते, त्यामुळे आमच्या लहानपणी डोंगर म्हणजे तुळजापूरच. पहाटे पाचला निघायचं, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि आजोबा पुढे. ते पायरीला हात लावायचे म्हणून मी लावायचे. कधी विचारलंच नाही, तू विचारलंस.

आता उत्तर. माझी आजी सकाळी उठली की अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी जमिनीला हात लावून एक संस्कृत श्लोक म्हणायची, त्याचा शेवट 'पादस्पर्शं क्षमस्व मे' असा आहे, म्हणजे माझा पाय तुला लागणार आहे, माफ कर. त्याच श्लोकात डोंगर हे पृथ्वीचे स्तन म्हटलेत, मग तिच्या अंगावर चढायचं तर आधी विचारायला नको? तुझा पाय चुकून पुस्तकाला लागला की मी नमस्कार करायला लावते ना, तेच हे, फक्त इथे पाय चुकून नाही तर मुद्दाम लागणार म्हणून माफी आधीच. देव वर आहे का नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. तुमच्या गल्लीतला किराणावाला शटर उघडताना उंबऱ्याला हात लावतो बघ उद्या. तालमीत पैलवान मातीला लावतात, एसटीचे काही ड्रायव्हर स्टेअरिंगला.

पण आपल्या जिल्ह्यात पायरीची अजून एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त आवडते. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच येतं, तिथे विठ्ठलाच्या देवळाची पहिली पायरी 'नामदेव पायरी' म्हणून ओळखतात. संत नामदेवांना सोन्याचा कळस नको होता, येणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ लागावी म्हणून ते पायरी झाले असं मानतात. आणि गंमत बघ, ज्यांनी पायांची धूळ मागितली त्यांच्यावर आता कुणी पाय देत नाही, सगळे ओलांडून जातात. तिथेच समोर चोखोबांची समाधी आहे. ते मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. चोखोबा महार होते म्हणून त्यांना जन्मभर देवळात जाऊ दिलं नाही. त्यांच्यासारख्या लोकांसाठी ते दार उघडायला 1947 साल यावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींनी उपोषण केलं होतं. म्हणजे विचार कर, किती शे वर्षं कितीतरी लोकांचा देव पायरीपर्यंतच होता. 'पायरी ओळखून वाग' असं आपल्याकडे कुणाला तरी खाली दाबायला म्हणतात, तुझ्या कानावर येईल कधीतरी, आणि मला तो शब्दप्रयोग अजिबात आवडत नाही, तू वापरू नकोस.

हे सगळं लिहायच्या आधी मी आजोबांना फोन करून विचारलं, की अप्पा, तुम्ही पायरीला हात का लावता? तर म्हणाले, "अगं, गुडघा कितपत वाकतोय ते बघत होतो." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पोरगी बघत होती ना." आता यातलं खरं कुठलं ते तूच ठरव, मला वाटतं दोन्ही.

वरची ती शिळा बघितलीस का? सीतेला शोधत निघालेल्या रामाला देवीने त्या शिळेवर उभं राहून लंकेची वाट दाखवली असं सांगतात. आजोबा वर पोचल्यावर धापा टाकत 'आई राजा उदो उदो' म्हणाले असतील तर ती देवीच्या नावाची आरोळी, दम लागल्यावर लय कामाला येते. कोजागिरीला लाखो लोक सोलापूरहून चालत तुळजापूरला जातात तेव्हा रात्रभर रस्त्यावर हेच ऐकू येतं. आजोबा तरुणपणी जायचे, पायाला आलेले फोड आजी सुईने फोडायची.

पुढच्या रविवारी परत जाणार म्हणालीस ना, तर पायऱ्या पावसाने शेवाळलेल्या असतील, उतरताना आजोबांच्या पुढे तू राहा, मागे नको. त्यांना कळू देऊ नकोस का ते. आणि कडक भाकरी पिशवीत सगळ्यात वर ठेव, मागच्या वेळी चुरा झाला असं आजी सांगत होती.

तुझी,
आई